मी मागितलेला कौल

मांडवीत मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. 'अबाइड बाय' शिकवताना माझं उदाहरण ठरलेलं असतं. देवीला कौल लावतो ना, तसं. आधी कबूल करायचं, मग निकाल ऐकायचा आणि मनाविरुद्ध गेला तरी पाळायचा. पोलिसाने थांब म्हटल्यावर आपण थांबतो, ते नुसतं 'ओबे'. तिथे आधी आपल्याला कोणी विचारलेलं नसतं. मुलांना हे चटकन कळतं.

यंदा माझ्या मुलीला आखातात नर्सची नोकरी लागली. करारातल्या सगळ्या अटींना ती 'अबाइड बाय' करील, असं त्यात लिहिलेलं, आणि पहिली दोन वर्षं घरी यायचं नाही ही त्यातलीच एक अट. तिने नीट वाचून सही केली. मला मात्र एका जागी बसवेना. गॅसवर दूध ठेवायचं नि दारात जाऊन उभं राहायचं. दूध उतू गेलं की स्वतःवरच चिडायचं.

शेवटी तिला न सांगता एसटी पकडून गावी गेले.

"काय इचारू देवीला?" गुरवाने विचारलं.

"पोरीने परदेशी जावं तर उजवा दे, नको तर डावा."

"देईल तो मानायचा हां."

"मान्य," मी म्हणाले. त्याने मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या. मी एकटक बघत बसले. डावी पडली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

घरी आले तर ती बॅग भरत होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"कौल कोणी मागितला, आई?"

"मी."

"मान्य कोण म्हणालं?"

"मीच."

"मग तो तू पाळ. मी सही केलेय, ते मी पाळते. तूच शिकवतेस ना वर्गात?"

असा राग आला! मी माझं पाळायचं, तर तिला तिचं मोडायला लावायला हवं होतं. मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन परत आले.

बॅगेची चेन लागेना. "जरा वर बस गं," ती म्हणाली.

देवीसमोर कबूल केलेलं मोडायची मला भीती वाटत होती. अजूनही वाटते. मी बॅगेवर बसले आणि तिने चेन ओढली.