डांबरी रस्ता लागेपर्यंत

मी आज राजुऱ्याच्या शाळेत फळ्यापुढे उभा राहतो, तो सुखदेवभाऊंमुळे. ते माझे सख्खे कोणी नव्हते. चामोर्शीजवळच्या आमच्या खेड्यात त्यांचं घर आमच्या घराला लागून होतं, एवढंच. गेल्या महिन्यात निरोप घेऊन आमच्या गावचा एक माणूस शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला. त्यानं माझ्याकडे बघितलं, चप्पल काढली, पुन्हा घातली... तो काही बोलायच्या आधीच मी विचारलं, "जीपमध्ये अजून कोण होतं?"

"कोणी नाई," तो म्हणाला. "भाऊ एकटेच होते."

हाच प्रश्न मला आधी का सुचला, ते सांगायला हवं. भाऊ पूर्वी लाकडाच्या ठेकेदाराकडे ड्रायव्हर होते. पुढे एका लिलावात त्यांनी जुनी जीप घेतली आणि आमच्या भागातले आजारी, बाळंतिणी, लग्नाचे पाहुणे सगळे त्यांचे झाले. मी मॅट्रिक पास झालो तेव्हा बाबांनी मला धानाच्या गिरणीत लावायचं ठरवून टाकलं होतं. आमच्या घराण्यात त्यापुढे कोणी शिकलेलं नव्हतं. भाऊ उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "पोरगं पास झालं, अन् तुमी त्याले पोते उचलाले धाडता?" चंद्रपुरात त्याला खायला कोण घालेल, असं बाबांनी विचारलं. "डबा मी नेतो," भाऊ म्हणाले. मी बी.ए. होईपर्यंत आईचा डबा त्यांनी वसतिगृहावर पोचवला. फेरी नसली तर एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचे. स्वतः आणला की हातात देताना सांगायचे, "भाजीत आज मीठ कमी हाये, मायले सांगजो." झाकण उघडून त्यांनी वाटेत चव घेतलेली असायची, आणि ते लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

हा निरोप येण्याच्या थोडं आधी सुटीत गावी गेलो तेव्हा चामोर्शीच्या स्टँडवरून त्यांच्याच जीपनं निघालो. गावातल्या बाया चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमाला जाणार होत्या आणि नेहमीप्रमाणे भाऊच त्यांना नेणार होते. पांढरी लुगडी धुऊन वाळत पडली होती, भाकरी कोण किती आणणार तेही ठरलं होतं. भाऊ बोलत होते आणि मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. ते स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहिले होते, पण गाडीला त्याचा पत्ता नव्हता. वळणावर हात आधी वळायचे आणि जीप जरा थांबून, जणू मनात असलं तर, मागून वळायची. खालून मधूनच टक् असा आवाज यायचा. मी विचारलं तर म्हणाले, "म्हातारी झाली ते. जरा उशिरा आयकते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गणपत मिस्त्रीला बोलावलं. गाडी बंद ठेवून मी स्टेअरिंग हलवत होतो आणि मिस्त्री खाली निजून एकेका सांध्यावर हात ठेवत होता. चाकं जागची हलत नव्हती, तरी स्टेअरिंग वीतभर फिरत होतं. वर स्टेअरिंगच्या पेटीत ढिलाई होती ती त्यानं स्क्रू आवळून काढली. पण दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांडीचा एक सांधा झिजला होता, आणि तो चामोर्शीत मिळत नव्हता. अंग झटकत मिस्त्री म्हणाला, "आता हाताले बरं लागन भाऊ. पन सांधा बदलाच लागते."

हाताला खरंच बरं वाटत होतं. भाऊ खूश झाले आणि मला बसवून जंगलाकडच्या रस्त्यानं निघाले. पावसाळा नुकताच संपला होता. बैलबंड्यांच्या चाकांनी चिखलात पाडलेल्या खोल चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. जीपची चाकं त्यांत बसली आणि गाडी दोरी धरल्यासारखी सरळ धावू लागली. भाऊंनी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलून मला दाखवले. "पाह्य, सरळ जाऊन राह्यली का नाई?" सागाची झाडं दोन्ही बाजूंनी मागे जात होती, आणि मी सीटची कड धरून बसलो होतो.

मी म्हणालो, "भाऊ, गाडी नाही, चाकोरी सरळ नेते आहे. डांबरी रस्त्यावर चाकोरी नसते."

"बी.ए. झाला तं आता मलेच जीप शिकवतं का?" ते हसले. आमच्या भागातले सगळेच ड्रायव्हर गाडी अशीच तपासतात, कारण गाव सोडलं की चाकोरीच असते. पण परत येताना त्यांनी मधूनच स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवून बघितलं. बायांना जीपनं नेऊ नका, असं मी राजुऱ्याला निघताना सांगितलं. "आता बायायले नाई कसं म्हनू, बाप्पा?" एवढंच भाऊ म्हणाले.

कार्यक्रमाच्या सकाळी त्यांनी सगळ्या बायांना एसटीत बसवून दिलं. आपण जीप घेऊन हळूहळू मागून येतो, सांधा चंद्रपुरात घेऊन तिथंच बसवतो आणि संध्याकाळी सगळ्यांना जीपनंच परत आणतो, असं त्यांना सांगितलं. बाया नाराज झाल्या. एकीनं तर एसटीच्या गर्दीवरून त्यांना टोमणाही मारला. मूल गावाच्या पुढे, जंगलातल्या डांबरी रस्त्यावरच्या एका वळणावर तो सांधा निसटला, जीप वळलीच नाही आणि भाऊ जागीच गेले. बाया मैदानावर भाऊंच्या वाट्याच्या भाकरी बांधून उन्हं कलेपर्यंत बसून होत्या...

राजुऱ्याला पोचल्याच्या संध्याकाळीच मी भाऊंना पोस्टकार्ड टाकलं होतं. ते गावात पोचलं तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती. भाऊंच्या बायकोनं, वहिनींनी, ते कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि मी गेलो तेव्हा माझ्या हातात दिलं. त्यात लिहिलं होतं :

"सुखदेवभाऊंना सप्रेम जय भीम. मी सुखरूप पोचलो. तुम्ही रागावला असाल तरी लिहितो. बायांना एसटीनं पाठवा. आणि रिकामी जीपसुद्धा काढू नका. सांधा मी येत्या रविवारी चंद्रपुरातून घेऊन येतो, मिस्त्रीकडून त्याचा नंबर तेवढा विचारून कळवा. कार्यक्रमाला तुम्हीही बायांसोबत एसटीनंच जा. इतकी वर्षं सगळ्यांना नेलंत, एक दिवस खिडकीजवळ बसून दुसऱ्याच्या गाडीतून जाऊन बघा. जागा नाही मिळाली तर बाया सरकून देतील. तुमचा, भास्कर."