आंब्याखालून न गेलेला संदेश

मोबाइलची रेंज गेली की आम्हाला बरं वाटायचं. गाडी अशा ठिकाणी बंद पडली तर तिने थेट उपग्रहामार्फत मदतीचा संदेश पाठवावा, याची आम्ही चाचणी घेत होतो. चाकणच्या कंपन्यांमध्ये रेंज नसलेली जागा कुठली मिळायला! म्हणून कंपनीचे ड्रायव्हर काका आणि मी भीमाशंकरच्या रस्त्याने डोंगराकडे जायचो. ते बोलायचे, मी मान हलवायचे.

त्या दुपारी त्यांनी गाडी सरळ रस्त्याकडेच्या एका आंब्याखाली लावली. मी संदेश पाठवला. गेला नाही. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच. वर मोकळं आकाश हवं, हे मला माहीत होतं. पण माझ्यासाठी सावली शोधणाऱ्या माणसाला सांगायचं कसं? बऱ्याच वेळाने म्हटलं, "काका, गाडी उन्हात घेता?"

"उन्हात? झाडाखाली आपण दिसत न्हाई व्हय वरनं?"

"नाही दिसत."

उन्हात आल्यावर संदेश लगेच गेला. तेवढ्यात चढावर एक व्हॅन वाफ सोडत थांबली. आतलं अख्खं कुटुंब उतरलं आणि तिला ढकलत आमच्याच आंब्याखाली घेऊन गेलं.

"गेली आपली जागा," काका हसले आणि पाण्याचा कॅन घेऊन तिकडे गेले. मी मात्र व्हॅनकडे बघत राहिले.

रेंजमध्ये आल्यावर सरांना फोन करून सावलीतलं आणि उन्हातलं सगळं सांगितलं. उद्याच्या बैठकीत गाडीतल्या या संदेश पाठवणाऱ्या यंत्राला मंजुरी मिळायची होती.

"सावलीतले रिझल्ट काढून टाक. झाडाखाली कोणी टेस्ट करतं का?"

एरवी मी 'ओके सर' म्हणून फोन ठेवला असता.

"सर, गाडी बंद पडली की लोक झाडाखालीच नेतात. आत्ता बघितलं मी. ते मदतीची वाट बघत बसतील आणि संदेश गेलेलाच नसेल."



"मग राहू देत ते रिझल्ट. पण मंजुरी लांबणार. शनिवारी सगळ्यांना झाडांखाली टेस्ट करायला यावं लागेल."

शनिवारी अख्खी टीम झाडं शोधत फिरली. हिंजवडीहून आलेल्या सहकाऱ्याने डबा उघडता उघडता विचारलं, "वीकेंड खाल्लास आमचा, आता भाजी तरी देशील?" मी डबा पुढे केला. पुढच्या झाडाखालून पाठवलेला संदेशही गेला नाही, तेव्हा त्याने स्वतःच वही काढली. झाडाचं नाव आणि त्यापुढे 'गेला नाही' असं लिहिलं.