हात खाली घ्या

माझी थोरली बहीण इस्पितळाच्या रक्तपेढीत थेंब टाकते. म्हणजे रक्त द्यायला आलेल्याचं बोट टोचायचं आणि बारीक नळीतून रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडायचा. हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर थेंब जड असतो, बुडतो. कमी असेल तर वरच रेंगाळतो. बुडाला तो पास. ताईचा आवाज असा खणखणीत की तिचं ‘बुडाला’ दाराबाहेर ऐकू जायचं. एकदा बाहेर बसलेल्या कुणा सासूबाईंनी, आत गेलेल्या जावयाचं काही बरंवाईट झालं समजून, गळाच काढला. तेव्हापासून ताईचं नाव पडलं बुडवी. तिलाही ते आवडायचं.

थेंब तरंगला, की मात्र तिच्या तोंडाला लागू नये. समोर बाई असली तर विचारूच नका. भर रांगेत विचारायची, पाळी जास्त जाते का? बाई मान खाली घालायची आणि ताईचं सुरू व्हायचं. हिमोग्लोबिन म्हणजे चार साखळ्यांचं गाठोडं, प्रत्येक साखळीच्या पोटात लोहाचा एक कण. तो कण फुप्फुसात प्राणवायू धरतो आणि अंगभर नेऊन सोडतो. हाडांच्या पोकळीत नव्या रक्तपेशी रोज तयार होतात, पण लोहच नसेल तर हाडं बिचारी काय करणार? तुम्ही सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाता, वर दुखणी लपवता. लाज कसली त्यात?

हाताखाली शिकणाऱ्यांना तिचा एकच धाक, थेंब बोटभर उंचीवरूनच सोडायचा. उंचावरून टाकला तर हलकं रक्तही नुसत्या आपटण्याने खाली जातं. एका आईचा थेंब तरंगला, तेव्हा तिने मुलाला रक्त देता यावं म्हणून हात जोडले होते, एवढ्या वेळी चालवून घ्या म्हणून. ताईने तिला परत पाठवलं. म्हणाली, थेंबाला नातं कळत नाही.

माझी लेक त्याच इस्पितळात बाळंत झाली. बाळ सुखरूप, पण तिचा रक्तस्राव थांबेना. तिचा रक्तगट दुर्मीळ, पेढीतली शेवटची पिशवी तिला लावलेली. दुसरीकडून यायची होती, पण कधी ते कोणी सांगेना. आमच्या अख्ख्या घराण्यात तो गट एकट्या ताईचा. मी रडत रक्तपेढीत ताईकडे गेले.

“रडतेस काय, मी मेले का?” असं म्हणत तिने स्वतःचंच बोट टोचलं.

थेंब तरंगला. ताई म्हणाली, पाणी जुनं झालंय. नवं घेतलं. पुन्हा तरंगला. रांगेतल्या बायका माना वर करून बघायला लागल्या. तिसऱ्या वेळी ताईचा हात वर गेला, चांगला वीतभर. थेंब सपकन तळाला गेला. मला हायसं वाटलं. ताईने तोंड उघडलं, पण ‘बुडाला’ काही बाहेर पडेना.

शेजारच्या टेबलावर तिनेच तयार केलेली एक चष्मेवाली सहकारी होती. ती जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, “ताई, हात खाली घ्या.”

ताईने हात खाली घेतला. थेंब तरंगला.

मग चष्मेवालीने तिच्या कानाशी लागून तेच विचारलं, जे ताई उभा जन्म बायकांना ओरडून विचारत आली होती. ताईने पदराने तोंड झाकलं आणि मान हलवली. पाळी जायचं वय, त्यात हे किती तरी दिवस चाललं होतं म्हणे. मला, सख्ख्या बहिणीला, पत्ता नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

पिशवी संध्याकाळी आली, लेक वाचली. पण तिची मावशी तिला भेटायला काही येईना. शेवटी मीच तिच्या घरी गेले. चांगली फैलावर घेणार होते, पण ती भिंतीकडे तोंड करून बसलेली. रक्त कमी निघालं त्याची लाज नाही गं, म्हणाली, हात वर गेला त्याची आहे. त्या आईसाठी नाही गेला, आपल्या पोरीसाठी गेला.

औषधं सुरू झाली, ताई कामावर गेली. लेकीला लागलेल्या रक्ताच्या बदल्यात मी माझं द्यायला गेले, तेव्हा रांग आणि टेबल यांच्या मध्ये एक पडदा आलेला दिसला. ताईने माझं बोट टोचलं आणि नळी इतकी खाली धरली की आता पाण्याला टेकते का काय असं वाटलं. थेंब मध्ये जरा थबकला, मग सावकाश खाली गेला.

“बुडाला,” ताई म्हणाली. मी अगदी समोर बसले होते, तरी मला ते नीट ऐकू आलं नाही.