बोल्ट शोधणारा हात

कॉलेजात छात्रसेनेच्या खोलीत रायफलच्या तेलाचा वास आला आणि मला नरडाण्याचा आमचा ओटा आठवला. मी आठ वर्षांची होते. फौजेतून निवृत्त झालेले आजोबा, आमचे आबा, काठी रायफलसारखी खांद्याला लावून दाखवत होते. जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा दांडा, प्रत्येक गोळीनंतर ओढावा लागे. पुढे आपोआप गोळी भरणारी एसएलआर आली, तरी त्यांचा हात बोल्टच शोधायचा.

"रायफल नवी उनी, हात जुनाच शे," आबा हसले.

मुलीला रायफल शिकवणं न पटून शेजारचे नाना म्हणाले, "पण पोरले हाई कसाले?"

आबांनी काठी माझ्याकडे दिली. "तिना हात नवा शे."

तेव्हा मला नुसती गंमत वाटली होती.

आज सरांनी विचारलं, "फायरिंगला कोण येणार?" फक्त मुलग्यांचेच हात वर गेले. माझा सवयीने पाठीमागे गेला. मी तो वर केला.