एका लुगड्याचं परस

मी बुलढाण्याला कॉलेजात गेलो आणि आमची गाय मामाकडे गेली. तिला चारायला, पाणी पाजायला घरात कोणी उरलं नव्हतं. बाप उजाडल्यापासून वावरात असे, आणि घर सांभाळून मायला गुरामागे रानात जाणं होत नसे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे एक माणूस शिकायला गेला की त्याच्यामागे घरातून आणखी काय काय जातं, हे कोणाला ठाऊक नव्हतं. गायीबरोबर शेण गेलं, आणि घरामागच्या परसात माय लावायची त्या भाजीची रया गेली.

त्या परसातून मला दर आठवड्याला पिशवी येई. माय आमच्या खेड्यातून डोणगावच्या स्टँडपर्यंत चालत जाऊन ती कंडक्टरच्या हाती देई. वांगी, मिरच्या, आंबाडीचा पाला. वांग्याच्या देठाला कधी कधी आमच्याकडची माती लागलेली असे. ती मी लगेच धूत नसे. मग पिशवी हलकी होत गेली आणि एक दिवस बंदच झाली. वांगी बोराएवढीच राहतात, असा निरोप आला. भाजी बाजारात मिळत होती. मला ती पिशवी हवी होती, पण हे कोणाला सांगायची लाज वाटे.

दिवाळीच्या सुट्टीत घरी सल्फेट खत न्यायचं मी ठरवलं. दुकानदाराने प्रमाण सांगितलं ते एकरी. एकराचे गुंठे, गुंठ्याचे फूट मी केले, पण आमचं परस किती फुटांचं, हेच मला माहीत नव्हतं. संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर गेलो. इथे न्हाणीचा दगड, इथे लिंबाचं झाड, इथून मिरच्यांचे वाफे, असं मनाशी धरून चालत राहिलो आणि कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवले. सगळं आखून झाल्यावर थोडा वेळ मधोमध उभा राहिलो. तेवढ्या जागेचा हिशेब करून खत घेतलं आणि डबा मांडीवर धरून घरी आलो.

मायने डबा उघडला तेव्हा शेजारची काकू कुंपणापलीकडून डोकावत होती.

"पोरानं बुलढाण्याहून मीठ आणलं काय वो?"

"खत हाय ते," माय म्हणाली. "हिशेब करून आणलं त्यानं."

मी परसाकडे पाहिलं. ते फारच लहान होतं. लिंब न्हाणीला जवळजवळ टेकलेलाच होता.

मोजायला हवं, म्हटलं. टेप कुठून येणार? माय आपलं जुनं लुगडं घेऊन आली; आमच्याकडे बायका अंगण, मांडव लुगड्यानेच मोजत. लुगडं नऊ वारांचं, म्हणजे फूट काढणं सोपं होतं. एक टोक तिने धरलं, एक मी. परस संपलं तरी तिच्या हातात पदर उरला होता. आडवं तर ते अर्ध्या लुगड्याचंही भरलं नाही.

आणलेल्यातलं पाव हिश्शाएवढं खतही पुरे होणार होतं. जास्त पडलं तर झाडं जळतील, असं मी तिला सांगितलं.

"मंग एवढं मोठं काऊन वाटलं तुले?"

"तिथून मोठंच दिसते, माय."

ती हसली नाही. लुगड्याची घडी घालत राहिली.

खत टाकणं मात्र रोज पुढे जात राहिलं. एकदा वाफे खुरपायचे राहिले होते, एकदा फराळाचं करायचं होतं. मी आठवण केली की म्हणे, तू हायस ना अजून. खत टाकून झालं की माझं इथलं काम संपणार, असं तिला वाटत असावं. मलाही थोडं तसंच वाटत होतं, म्हणून मी आग्रह धरला नाही.

निघायच्या सकाळी टाकावंच लागलं. झाडाभोवती आळं करून, बुंध्याला लागू न देता, तिच्या अर्ध्या मुठीचं माप आम्ही ठरवलं. माझ्या हाताने टाकलं असतं तर लवकर झालं असतं, पण पुढच्या वेळी मी नसणार होतो. दोन-तीन झाडांनंतर तिचा हात बरोबर बसला. टाकल्याबरोबर भरपूर पाणी दे, नाहीतर मुळं जळतील, हेही बजावलं.

"आता मले तुही वाट पाहाचं काम नाई मंग," ती म्हणाली.

मी मान हलवून हाव म्हटलं आणि कपड्यांची पिशवी उचलली.

एरवी ती स्टँडपर्यंत माझ्याबरोबर येई. त्या दिवशी मी एकटाच चालत गेलो. गाडीत खिडकीशी बसून आमच्या रस्त्याच्या वळणाकडे पाहत राहिलो. विहीर परसापासून दूर होती. तिच्या कितीतरी खेपा व्हायच्या राहिल्या असतील, आणि पाणी लगेच द्यायला मीच सांगितलं होतं. तरी त्या वळणावरून मान वळेना.

कंडक्टरने विचारलं, अजून कोणी यायचं हाय काय? मी नाही म्हणालो, आणि त्याने दार लावून घेतलं.