काठीला लागलेला हात

धक्क्यावर तिला सगळे कॅप्टनबाई म्हणत. सुरुवातीला थट्टेने, मग सवयीने आणि पुढे पुढे अगदी मनापासून. नवऱ्याच्या मणक्याने दगा दिला तेव्हा बोट विकून टाका, असा सल्ला देणारे पायलीचे पन्नास निघाले. हिने परवाना काढला, धाकट्या जावेला सुकाणू धरायला शिकवलं आणि पाहुण्यांना खोल समुद्रात मासेमारीला नेऊ लागली. पाहुणे म्हणजे हौशी मंडळी. घरी मासा दुकानातून आणायचा आणि सुट्टी काढून त्याच्याशी झुंजायला इथे यायचं. नवरा धक्क्यावर स्टुलावर बसून गळाच्या दोऱ्याची रिळं गोड्या पाण्याने धुवायचा, त्यांना तेल घालायचा. नवे पाहुणे तिला ओलांडून त्याच्याकडे बघत विचारायचे, कॅप्टन कुठे आहेत? तो मान वर न करता सांगायचा, की तुम्ही त्यांच्याच पायावर पाय देऊन उभे आहात.

धक्क्याच्या कचेरीबाहेर एक लाकडी पाटी होती. आजवरच्या सगळ्यात जड माशाचं वजन, तो पकडणाऱ्या पाहुण्याचं नाव आणि बोटीच्या कॅप्टनचं नाव, एवढंच तिच्यावर. अकरा वर्षं तिथे कॅप्टन म्हणून नवऱ्याचं नाव होतं. कोणीही पाहुणा आला की कॅप्टनबाई त्याला आधी पाटीसमोर उभा करायची आणि 'हे आमचे' म्हणताना इतकी फुलायची, की जाऊ मागे तोंड दाबून हसायची. पण तिथे आपलं नाव लागावं, ही इच्छा तिच्या मनात घर करून होती आणि ती ते लपवतही नव्हती. मला एकदाचं उतरव तिथून, असं नवराच तिला चिडवायचा.

पाटीवर जायचं तर नियम एकच, पण कडक. मासा लागल्यापासून बोटीत येईपर्यंत गळाच्या काठीला पाहुण्याखेरीज कोणाचाही हात लागता कामा नये. पाहुणा पडत असेल तर त्याला धरा, कमरेला धरा, हवं तर गचांडी धरा, पण काठी धरू नका. एरवी हा नियम पाळतो कोण? पाहुणा दमला की कॅप्टनबाईच त्याच्या हातून काठी घ्यायची आणि त्याला दम खायला बसवायची. वर्षानुवर्षांची ती सवयच तिला नडली.

त्या दिवशी बोटीवर एक दातांचे डॉक्टर होते. आयुष्यभर उपटण्याचाच धंदा, त्यामुळे मनगटात जोर भरपूर, पाय मात्र जमिनीवरचे. भर दुपारी कुपा मासा लागला आणि दोरा असा सुटला, की जावेने न सांगता बोट वळवली. दीड तास डॉक्टर झुंजले. मासा कडेला आला तेव्हा कॅप्टनबाईने तो बघताक्षणी ओळखलं, की हा पाटीवरचा मासा आहे. तेवढ्यात लाट आली आणि डॉक्टरांचा पाय घसरला. तिचा डावा हात त्यांच्या पट्ट्यावर गेला. उजवा गेला काठीवर. क्षणभरच. चटका बसावा तसा तिने तो मागे घेतला. डॉक्टरांचे डोळे माशावर होते, जाऊ पाठमोरी होती. कोणीही पाहिलं नाही.

धक्क्यावर मासा काट्याला टांगला तेव्हा हीऽ गर्दी जमली. वजन करणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे काटेकाका म्हणत. त्यांनी आकडा वाचला. नवऱ्याच्या माशापेक्षा नऊ किलो जास्त. नवरा स्टुलावरून उठून टाळ्या वाजवायला लागला. मग काटेकाका रीतीप्रमाणे कॅप्टनकडे वळले. हा प्रश्न फक्त कॅप्टनलाच विचारतात आणि कॅप्टनचा शब्द हाच पुरावा.

"काठीला दुसऱ्याचा हात लागला?"

"लागला," ती म्हणाली. "माझा."

डॉक्टरांचा चेहरा पडला. दीड तास घाम त्यांनी गाळला होता आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. कोणी बघितलं नव्हतं, हेही हळूच सुचवलं.

"मी होते ना तिथे," एवढंच ती म्हणाली आणि चूक आपली म्हणून तिने त्यांची माफी मागितली. डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी तिला स्वतःचा अभिमानच वाटला.

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. नवरा मात्र खाली बसला नाही. कमरेवर हात ठेवून तो पाटीपाशी गेला आणि काटेकाकांना म्हणाला, "माझी ओळ काढा. त्या वेळी माझाही हात लागला होता."

"मी विचारलं होतं तुला."

"विचारलं होतंत. मी नाही म्हणालो."

कॅप्टनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं ती ज्या नावावर मिरवली, ते खोटं होतं आणि हा माणूस रोज समोर बसून ऐकत होता. काटेकाकांनी रंग खरवडायची पत्री आणून त्याच्या हातात दिली. त्याने हात वर नेला, पण पाठ दुखून तो खांद्याच्या वर जाईना. ओठ आवळून, सगळ्या धक्क्यादेखत, तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिला. हे करायला त्याला कोणीही सांगितलं नव्हतं. बघता बघता तिचा राग कुठल्या कुठे गेला.

तिने स्टूल ओढलं, त्याच्या हातून पत्री घेतली आणि वर चढून एकेक अक्षर खरवडायला लागली. ते नाव पाटीवर असताना तिला त्याचा जेवढा अभिमान होता, त्याहून कितीतरी जास्त आता वाटत होता.

"शेवटचं अक्षर राहिलं," तो खालून म्हणाला.

"दिसतंय मला," ती म्हणाली. "तुम्ही स्टूल धरा."