पायरीवरचे पाच हत्ती

आधीच सांगून टाकतो, आमच्या गावावर माझा लई राग हाय. अन् त्यातला निम्मा राग माझ्या सोताच्या तोंडावर हाय. कावून, ते पुढं कळंल.

मी भागवत. धर्मापुरीपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव, तिथं माझी पिठाची गिरणी. थोरला भाऊ म्हाळू मेंढरं राखतो. दिवाळी झाली की कळप घेऊन युसूफ वडगावाकडं जातो, ते पावसाळ्याच्या तोंडाला परत. त्याची लेक ऋतुजा. आमच्या सगळ्या भावकीत बारावीच्या पुढं गेलेली ही पहिली. लातूरला आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला हाय. गावाला वाटतं पोरगी इंजिनेर होणार. म्हणू द्या, कुणाकुणाला समजावत बसू?

तिच्या मंजुषा मॅडमनं काम दिलं. आपल्या ओळखीची एक जागा घ्यायची, तिचा इतिहास बघायचा अन् त्यावरून तिथं काय बांधावं ते काढून दाखवायचं. वर एक अट, फोनवर फोटो काढायचे न्हाईत. डोळ्यानं बघायचं, टेपनं मोजायचं, हातानं काढायचं. आमची पोरगी एवढी गुणाची की तिनं खरंच फोन मायच्या, म्हंजी आमच्या कडूवहिनीच्या पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला. दुसरी कुणी असती तर गुपचूप चार फोटो मारले असते.

जागा घेतली आमच्याच गावची. गावाबाहेर दगडाचं एक देऊळ होतं. कोन म्हणतं निजामाच्या वक्ताला पडलं, कोन म्हणतं त्याच्याबी आधी. आता तिथं नुसतं जोतं हाय अन् बाभळी. पहिल्यांदा ऋतुजानं तिथं मोठी कमान अन् गोल हॉल काढला. मॅडम म्हणल्या, "हे लातूरच्या चौकातही चालेल. मग इथंच कशाला?" दुसऱ्यांदा तिनं पडलेलं देऊळ कळसासकट कागदावर उभं केलं. मॅडम म्हणल्या, "ही नक्कल झाली." पंधरा-पंधरा दिवसांचं काम, एका शब्दात वाटोळं! ज्युरी म्हणतात त्याला. मास्तर लोक खुर्च्या टाकून बसतात, पोरांनी भिंतीला कागद चिकटवायचे अन् त्यांनी चुका काढायच्या. पोरगी घरी आली ती डोळे सुजवूनच. मी म्हणलं, "अगं, पोलीस ठाण्यातबी इतका येळ उभं करत न्हाईत."

"नाना, मला धर्मापुरीचं देऊळ दाखवून आणा," ती म्हणली. मला ती नाना म्हणते. गिरणी बंद ठेवली अन् मोटारसायकलवर नेलं. तीन तास पोरगी उन्हात एकेक दगड बघत होती. मी सावलीला बसून जांभया देत होतो. तर एकदम पळत आली.

"नाना, असलं कोरीव काम तुमच्या गिरणीच्या पायरीला हाय की!"

हाय तर! पाच हत्ती हायत, एकामागं एक, सोंडा वर केलेले. आमच्या आज्यानं तो दगड पडक्या देवळातून आणून पायरीला बसवलेला. मी रोज त्याच्यावर पाय देऊन आत जातो, लोक त्याच्यावर दळणाचे डबे ठेवतात. त्याचं कवतिक करावं असं आजवर कुणाच्या डोक्यात आलं न्हाई.

दुसऱ्या दिवसापासनं ती घरोघर फिरायला लागली. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. काय काय सापडलं म्हणता! भिवराबाईच्या रांजणाखाली दगडाचं कमळ. सटवाच्या मोरीत सिंहाचं तोंड, त्याच्यावर त्याची बायको धुणं आपटती. शहादेवच्या गोठ्याच्या भिंतीत एक नाचणारी बाई आडवी बसवलेली, तिच्या कमरेच्या भोकात म्हशीचं दावं. तेवीस दगड मोजले. हरेक घरी ऋतुजा विचारायची, "तुमचं नाव लिहू का कागदावर?" लोक लई खूष. शहादेव तर म्हणला, "पुरं नाव लिही, बापाच्या नावासकट."

अन् तिच्या डोक्यात जे आलं ना, ते ऐकून मीबी गार झालो. तिनं ठरवलं, मोठं काही बांधायचंच न्हाई. जो दगड ज्या घरात हाय, तो त्याच घरात राहू द्यायचा. जोत्यावर नुसता बसायला एक ओटा करायचा, अन् तिथून गावातनं एक वाट काढायची, दारादारावरनं जाणारी. "नाना, देऊळ कुठं गेलेलं न्हाई. ते गावात ऱ्हायला आलंय," ती म्हणली. मॅडम माझ्या फोनवर तिला म्हणल्या, "आता काहीतरी सापडलंय तुला. शनिवारी मी स्वतः बघायला येते." पण हेबी बजावलं की दोनदा काम परत गेलंय, ह्या वेळी जागेवर काही दिसलं न्हाई तर नापास. म्हंजी वर्ष गेलं.

आता माझ्या तोंडाचं सांगतो. रविवारी मी धुळाजीच्या हाटेलात चहा पीत होतो. चार माणसं बसलेली. मला ऱ्हावलं न्हाई. "आमच्या ऋतुजानं अख्ख्या गावाचा नकाशा काढलाय," म्हणलं. "कुणाच्या घरात देवळाचा कोनता दगड हाय, नावानिशी! आता ते कागद वर जाणार."

"वर म्हंजी कुठं?" धुळाजीनं विचारलं.

"वर म्हंजी वर! पार दिल्लीला!"

कुठली दिल्ली अन् काय! ते कागद लातूरच्या कॉलेजच्या भिंतीवर जाणार होते. पण फुशारकी मारायला लागलो की मला थांबाच न्हाई.

बुधवारपर्यंत माझंच बोलणं शिंगं फुटून माझ्याच गिरणीवर परत आलं. काय तर म्हणे सरकारी माणसं येणार, भिंती फोडून दगड नेणार, अन् देवाचा दगड मोरीत लावला म्हणून केस करणार. यादी ऋतुजानं दिलीय. मी किती घसा कोरडा केला! कोन ऐकतंय? ज्या घरात पोरीला चहा मिळत होता तिथं दारं लागायला लागली. सटवानं सिंह उपसून पालथा घातला. शहादेवनं गोठ्याच्या भिंतीला सिमेंट थापलं. बिचारीनं ज्या दगडांना हात लावू नका म्हणून काम काढलं, तेच दगड लोक तिच्या भ्यानं गाडायला लागले. सांगा, डोकं फोडून घ्यावं का न्हाई माणसानं?

शुक्रवारी ऋतुजा परळीला झेरॉक्स काढायला गेलती. दुपारी शहादेव उरलेलं सिमेंट घेऊन गिरणीवर आला. "यादीत तुजं नाव पयलं हाय, भागवत. तुजी पायरी उघडी ठिवतो अन् आमाला अडकवतो का बे?" मागं पाच-सहा जण उभे. मी म्हणायला पायजे होतं की चल निघ हितून. म्हणलो का? न्हाई. मी भ्यालो. चुलत्यानं चुलत्यासारखं वागायचं सोडून मी घमेल्यात पाणी ओतलं, सिमेंट कालवलं अन् माझ्याच हातानं पाच हत्तींवर थापी फिरवली.

संध्याकाळी ऋतुजा परळीहून आली. पायरीपुढं उभी राहिली. काखेत कागदाची गुंडाळी. मला वाटलं आता ही रडंल, न्हाईतर मला शिव्या देईल. ती तशीच वळून घरी निघून गेली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी मॅडम गाडीनं आल्या. पायात बूट, डोक्यावर टोपी, बोलणं मोजूनमापून. ऋतुजा कागद उघडायची अन् म्हणायची, "इथं कमळ आहे." भिवराबाई म्हणायची, "कसलं कमळ, बाई? साधा दगुड हाय तो." अन् दगडावर शेणाचा हा थर! सटवा म्हणला, "आमी धुणं हिरीवर धुतो." म्हातारी माणसं, जवान माणसं, सगळी तोंड वर करून खोटं बोलत होती, अन् पोरगी पुढच्या दाराकडं निघायची. मला तर भुई फाटून आत घेईल तर बरं, असं झालं.

शहादेवच्या गोठ्यात मॅडमनं भिंतीला बोट लावलं. बोट करडं झालं. त्या काही दुधखुळ्या नव्हत्या.

"ऋतुजा, लोकांना विचारल्याशिवाय नावं लिहिलीस का तू?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ऋतुजा म्हणली, "चुकलं मॅडम. मी नीट विचारलं नाही."

खोटं! साफ खोटं! तेवीस घरी टेप धरून मी तिच्यासंगं उभा होतो. ज्यानं बापाचं नाव घालायला लावलं तो शहादेव म्हशीआड उभा राहून जमिनीकडं बघत होता.

"एक तरी दगड दाखव," मॅडम म्हणल्या. "एक. नाहीतर माझाही नाइलाज आहे."

मग माझं डोकं सटकलं. गिरणीत गेलो, छन्नी-हातोडा काढला अन् पायरीवर बसलो. सगळं गाव गोळा झालं. "बघा!" मी ओरडलो. "हाटेलात मी बोललो होतो! दिल्ली-फिल्ली काय न्हाई, माझ्या जिभेला हाड न्हाई! कुणी तुमचे दगड न्यायला येत न्हाई!" अन् घातला घाव.

"नाना, हळू!" ऋतुजा ओरडली. "कडेनं घ्या, नाना!"

पण रागात माणूस कडेनं घेतो व्हय? दुसरा घाव घातला, तिसरा घातला, अन् सिमेंटची अख्खी खपली निघाली. तिच्यासंगं तीन हत्तींची तोंडं निघाली. सोंडा, कान, सगळं. खपली पालथी पडली होती, तिच्यात दगडाचा ताजा पांढरा भाग चिकटून आलेला. दोन हत्ती तेवढे धड राहिले.

मॅडम खाली बसल्या, दोन हत्तींवरनं हात फिरवला, तीन फुटक्यांवरनं फिरवला. मग उठून म्हणल्या, "ऋतुजा, आठ दिवस देते. पण जे आहे तेच काढायचं. जे होतं ते नाही." अन् गाडीत बसून गेल्या.

तुमाला वाटंल, आता गावाचं मन पाघळलं असंल. कशाचं! शहादेव म्हणला, "तुजी पायरी तू फोड, आमची भित आमी फोडणार न्हाई." एकट्या भिवराबाईनं संध्याकाळी बादलीभर पाणी ओतून कमळावरचं शेण काढलं, तेबी कुणी बघत न्हाई असं बघून. बाकी सगळे दगड अजून तसेच गाडलेले हायत. थोरल्याचा फोन आला, "झालं का पोरीचं?" मी म्हणलं, "होईल," अन् ठेवून दिला. काय सांगू त्याला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतुजा टेप घेऊन गिरणीवर आली. जुन्या कागदावर पाच हत्ती होते, किती बारकाईनं काढलेले. तो बाजूला ठेवला अन् नवा कागद पायरीवर पसरला.

"नाना, टोक धरा."

मी टोक धरलं. ती पहिल्या फुटक्या हत्तीचं माप घ्यायला लागली, किती लांब, किती खोल. माझ्यानं बघवंना.

"ऋतुजा," मी म्हणलं, "मॅडमपुढं तू कावून खोटं बोललीस गं? सगळं माझ्या तोंडानं झालं. कालच्याला मी सगळ्यांपुढं बोललो म्हणून तुला कळलं, न्हाईतर..."

"मला सोमवारीच कळलंतं," ती म्हणली. मान वर केली न्हाई. "धुळाजीतात्यानं सांगितलंतं, तुमचा नाना लई कवतिक करत होता म्हणून. टेप ढिली सोडू नका नाना, माप चुकतंय."

मी टेप ताणून धरली.